हरणाच्या मागावर दिवसभर: हलकी सॅक निवडताना आणि वापरताना

सॅक घ्यायच्या आधी मी दिवसभराच्या शिकारीला लागणारं सगळं सामान जमिनीवर मांडलं आणि एकेक वस्तू काट्यावर ठेवून वजन लिहून काढलं. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो, तिथे काटछाट नाही. त्यावर एका जागी बसल्यावर घालायचं जाड जॅकेट, पावसाचा कोट, दिवसभराचं खाणं, हेडटॉर्च आणि तिचे जादा सेल, नकाशा, होकायंत्र, शिट्टी, लायटर, प्रथमोपचाराची पिशवी आणि तिच्यात रक्तस्राव थांबवायचा टूर्निकेट, सुरी, नायट्राइलचे हातमोजे, दोर, मांस भरायच्या कापडी पिशव्या, परवाना. दुर्बीण यात धरली नाही, कारण ती छातीवर असते. बेरीज सहा-सात किलोच्या घरात गेली.

या यादीने माझा निम्मा प्रश्न सोडवला. रिकामी सॅक ७०० ग्रॅमची घ्यावी की सव्वा किलोची, यावर लोक तासन् तास बोलतात. सात किलोच्या ओझ्यात तो फरक अर्ध्या लिटर पाण्याएवढा आहे. ते पाचशे ग्रॅम कशात गेलेत हे मात्र बघायला हवं. ते पाठीच्या आधारात आणि कंबरपट्ट्यात गेले असतील तर मी ते आनंदाने वाहीन. नुसत्या कप्प्यांत, चेनमध्ये आणि लोंबत्या पट्ट्यांत गेले असतील तर नको. संध्याकाळपर्यंत पाठीवर जाणवणार नाही आणि हरणाला ऐकू जाणार नाही अशी सॅक मला हवी होती. बाकीचे सगळे निकष मी या दोहोंच्या खाली ठेवले.

मी परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, पायी माग काढत शिकार करते, म्हणून माझं सगळं म्हणणं पायी फिरणाऱ्याच्या बाजूचं आहे. मचाणावर बसणाऱ्याची सॅक दिवसभर खुंटीला टांगलेली असते, तिची गणितं वेगळी.

आकार ठरवायला वेळ लागला नाही. माझ्या सामानाला २५ ते ३० लिटर पुरतात. त्यात सर्वांत जास्त जागा खातं ते जॅकेट, आणि सकाळी अंगावर असलेले थरही चढावर काढून आतच जायचे असतात. १८-२० लिटरची सॅक सुटसुटीत दिसते, पण तिच्यात न मावलेलं जॅकेट बाहेर बांधावं लागतं, आणि बाहेर बांधलेली प्रत्येक वस्तू झुडपात अडकते. थोडी मोठी सॅक घेऊन दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांनी ती आवळता येत असेल तर तेच बरं. अर्धी रिकामी सॅक न आवळता वापरली की सामान आत हिंदकळतं आणि उतारावर तोल जातो.

खरा वेळ गेला तो आवाजावर. हरणांचे कान माणसापेक्षा तिखट तर असतातच, शिवाय माणसाच्या २० किलोहर्ट्झच्या मर्यादेपलीकडचे, म्हणजे आणखी उंच पट्टीतले, आवाजही त्यांना ऐकू येतात. कापडावर काटकी घासल्याचा सर्रकन आवाज बराचसा उंच पट्टीतला असतो. मग आपल्याला ‘फारसा होत नाही’ वाटणारा आवाज त्यांच्या दृष्टीने किती मोठा, याचा अंदाज करता येतो. म्हणून दुकानात मी प्रत्येक सॅकच्या कापडावर आधी नख ओढलं. आतून जाड प्लास्टिकसारखा लेप असलेलं पातळ नायलॉन आणि कापड-फिल्मचे थर चिकटवून केलेली कापडं वजनाला फार चांगली, पाण्यालाही चांगली, पण नखाखाली कागदासारखी वाजतात. थंडीत लेप कडक होतो आणि हीच कापडं आणखी वाजतात. दुकानातल्या उबेत केलेली परीक्षा त्यामुळे पुरी पडत नाही. निवडीत उरलेल्या सॅक घरी आणल्यावर मी त्या रात्रभर बाहेरच्या थंडीत ठेवल्या आणि सकाळी वाळक्या फांदीने पुन्हा घासून पाहिल्या.

दुसऱ्या टोकाला लव असलेलं मऊ कापड आहे. त्यावर फांदी घासली तर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. पण ते पाणी पितं, भिजलं की जड होतं, आणि गवतातली कुसळं त्यात अशी रुततात की संध्याकाळ ती वेचण्यात जाते. कॉर्ड्युरासारखं ५०० डेनियरचं विणलेलं नायलॉन या दोन्हींच्या मध्ये बसतं. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा जितका मोठा तितका धागा जाड. २१० डेनियरचं कापड हलकं पडतं, पण खडकावर सॅक ओढली जाते तिथे, म्हणजे तळाला, मला ते पुरेसं वाटत नाही. मी घेतलेल्या सॅकचा तळ ५०० डेनियरचा आहे आणि बाजू व वरचा भाग मऊ पृष्ठाच्या कापडाचा. काट्यावर ती सर्वांत हलकी नव्हती. चालताना सर्वांत शांत मात्र तीच होती.

कापडावर लक्ष देताना बाकीचे आवाज विसरले जातात. वेल्क्रो तर मला शिकारीच्या सॅकवर अजिबात नको. तो हळू उघडला तरी फाटल्यासारखाच वाजतो. चेनच्या धातूच्या ओढण्या एकमेकींवर आपटतात. त्या काढून मी दोरीचे छोटे फास बांधले. तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या सॅकला चेनच नसते, पण तळाशी ठेवलेली वस्तू काढायला वरचं सगळं उपसावं लागतं, म्हणून मी वरच्या बाजूला अर्धगोल चेन असलेली घेतली. बकल ‘टक्’ करून लागतं, तेव्हा ते तळहातात झाकून हळू दाबायची सवय लावून घेतली. एक आवाज मात्र रिकाम्या सॅकमध्ये सापडतच नाही. पाठीच्या आत प्लास्टिकचा पत्रा आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतील तर वजन पडल्यावर त्या एकमेकींवर घासून प्रत्येक पावलाला कुरकुरतात. माझ्या सॅकमध्येही तसं होत होतं. पट्ट्या काढून त्यांच्या टोकांना कापडी चिकटपट्टी गुंडाळली आणि कुरकुर थांबली.

आता मापाबद्दल. सॅकचं माप उंचीवर जात नाही, धडाच्या लांबीवर जातं. मान पुढे वाकवली की मानेच्या तळाशी जो मणका ठळक वर येतो तिथपासून, कमरेच्या दोन्ही हाडांवर अंगठे ठेवल्यावर त्यांच्यामध्ये जी रेघ येते तिथपर्यंत, पाठीच्या बाकानेच टेप धरायची. दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्यावं, स्वतःचं स्वतःला जमत नाही. माझं धड ४२ सेंटीमीटरचं आहे, आणि एकाच मापात येणाऱ्या बऱ्याच छोट्या सॅक माझ्या पाठीला लांब पडल्या. त्यांचा कंबरपट्टा हाडाच्या खाली उतरत होता, म्हणजे वजन कमरेवर न येता सगळं खांद्यांवरच राहत होतं. पट्ट्याचा मध्य कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर यायला हवा. सात किलोला त्या पट्ट्याला जाड गादी नसली तरी चालतं, पण पट्टा हवाच, कारण ओणवं होऊन सरकताना सॅक डोक्यावर येऊ नये हे तोच बघतो.

दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघण्याला काही अर्थ नाही. मी सात किलो वजन भरायला सांगितलं, पायऱ्या चढले-उतरले, उकिडवी बसले, गुडघ्यावर आले, पोटावर झोपले. शिकारीसाठी यापुढची परीक्षा सर्वांत महत्त्वाची, आणि ती घरी करावी लागते: रायफल खांद्याला लावून बघणं. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासायचं, बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा दांडा, उघडा ठेवलेला, गोळ्या वेगळ्या खोलीत. मग हिवाळ्याचे कपडे आणि भरलेली सॅक अंगावर घालून नेहमीसारखी रायफल उचलायची. दस्ता खांद्याच्या खळग्यात बसतो, आणि जाड, रुंद पट्टा नेमका तिथेच असेल तर दस्ता दर वेळी वेगळ्या जागी टेकतो, डोळा रायफलवरच्या दुर्बिणीच्या मागे सरळ येत नाही. घरी आणलेल्या दोन सॅक मी केवळ याच कारणाने परत केल्या. इंग्रजी एस अक्षरासारखे वळलेले पट्टे मानेच्या जवळून जातात आणि खळगा मोकळा ठेवतात. बहुतेक वेळा ते स्त्रियांच्या मापाच्या सॅकवर येतात, पण अरुंद खांद्याच्या कोणालाही ते घालून बघावेत असं मी सांगेन.

छातीवर दुर्बिणीचा पट्टा असतो आणि सॅकचा छातीपट्टाही तिथेच येतो. दोन्ही एकमेकांत अडकले तर घाईच्या वेळी दुर्बीण निघत नाही. सॅकचा छातीपट्टा वर-खाली सरकणारा असेल तर तो दुर्बिणीच्या पिशवीच्या वर घेता येतो. मी आधी दुर्बीण घालते, मग वरून सॅक, म्हणजे सॅक उतरवायची झाली तरी दुर्बीण छातीवरच राहते.

पाण्याला मी नळीची पिशवी वापरते. ती पाठीला लागून उभी राहते, आणि भरल्यावर उलटी करून आतली हवा ओढून घेतली की पाणी खळखळत नाही. कडाक्याच्या थंडीत आधी नळी गोठते. प्रत्येक घोटानंतर तोंडाने फुंकून नळीतलं पाणी पिशवीत परत ढकललं की बराच काळ निभतं. त्याहून थंड दिवस असेल तर रुंद तोंडाची बाटली, ती आत आणि उलटी. बर्फ वरून धरायला लागतो, मग तो बुडाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं.

सॅक भरताना जड ते पाठीजवळ, खांद्याच्या पात्यांच्या मधोमध. जॅकेट सर्वांत वर, कारण चढ संपवून बसल्याबरोबर, अंग निवायच्या आत ते घालायचं असतं. चढताना मुद्दाम कमी कपड्यांत चढते. घामाने आतला थर भिजला तर पुढचे दोन तास बसणं अशक्य होतं. म्हणूनच पाठीला घट्ट टेकणाऱ्या सॅकऐवजी जाळी ताणलेली, हवा खेळणारी पाठ घ्यावी का, हा विचार मी केला होता. घाम तिच्यात खरंच कमी येतो. पण ती वजन पाठीपासून लांब ढकलते आणि वाकल्यावर मागे ओढते. माग काढताना सतत वाकावं लागतं, म्हणून मी घट्ट पाठ घेतली आणि कपड्यांचं भान ठेवते. वाऱ्याची दिशा बघायची भुकटी कंबरपट्ट्याच्या कप्प्यात, तीही उजव्या बाजूला नाही, कारण उजवा हात मोकळाच राहायला हवा.

पाऊस असेल तर वरचं कव्हर मी घालत नाही. ते फडफडतं, आणि पाठीच्या बाजूने पाणी आत येतंच. आत एक मोठी जलरोधक पिशवी आणि सगळं सामान तिच्यात. कापड कितीही चांगलं असलं तरी शिवणीतून पाणी झिरपतं.

नेम धरताना सॅक सर्वांत उपयोगी पडते. जॅकेट आत राहू द्यायचं, पट्टे आवळायचे आणि सॅक आडवी पुढे ठेवायची, की पोटावर झोपून मारायला भक्कम टेकण तयार होतं. टेकवायचा तो रायफलचा लाकडी पुढचा भाग, नळी नव्हे. नळी टेकली तर गोळीची जागा बदलते. टेकण भुसभुशीत असेल तर मी गोळी झाडत नाही. जनावर जखमी होऊन निसटण्यापेक्षा रिकाम्या हाताने परतणं मला केव्हाही मान्य आहे.

शिकार मिळाली की हलक्या सॅकची मर्यादा समोर येते, आणि ती आधीच मान्य करून सॅक घ्यावी. २८ लिटरच्या सॅकमध्ये अख्खं हरीण वाहून आणण्याचा आग्रह धरला तर तिच्या शिवणी जातील आणि पाठही. जड ओझं पाठीवर वाहायची माझी चौकट गाडीत असते. पहिल्या खेपेत हाड काढलेलं थोडं मांस आणि सुरी-दोर-पिशव्या सॅकमध्ये. बाकीचं मांस कातडं लगेच उतरवून कापडी पिशव्यांत घालून सावलीत, वारा लागेल असं टांगून ठेवते आणि चौकट घेऊन परत येते. प्लास्टिकच्या पिशवीत ऊब आणि ओल कोंडते, मांस खराब व्हायला तेवढं पुरतं. परतताना सॅकवर भडक केशरी कापड बांधते, मग नियम सांगत असो वा नसो. झाडीतून हलणारं मांसाचं ओझं दुसऱ्या शिकाऱ्याला जनावरच वाटू शकतं. हरणाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, लाल-केशरी त्यांना आपल्यासारखा उठून दिसत नाही. केशरीने शिकार बिघडते ही भीती बाळगू नये.

घरी आल्यावर रक्ताचे डाग थंड पाण्याने. गरम पाण्याने ते पक्के बसतात. कपडे उजळ करणारी पावडर वापरत नाही, कारण तिच्यातली द्रव्यं अतिनील प्रकाश शोषून निळसर चमकतात आणि हरणांना निळा चांगला दिसतो. बिनवासाचा साबण, हाताने धुणं, सावलीत वाळवणं. ऊन नायलॉनला दुबळं करतं. वाळल्यावर एकदा सगळ्या शिवणी आणि बकलं बघते, आणि एक जादा बकल प्रथमोपचाराच्या पिशवीत कायम ठेवते. बाकी सामान आदल्या रात्री हवामान बघून, यादी हातात घेऊन नव्याने भरते.