मलेशियाला व्हिसा लागत नाही, मग चेक-इनलाच का अडकलो?

मलेशियाला व्हिसा लागत नाही असं कुणी उत्साहाने सांगितलं की हल्ली मी एकच विचारतो, बाहेर कसे पडणार? १ डिसेंबर २०२३ पासून आपल्याला तिथे ३० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं आणि ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली आहे, एवढं सगळ्यांना पाठ असतं. त्या बदल्यात कधी येणार, कुठे राहणार, कधी निघणार हे आधीच लिहून द्यावं लागतं, त्याकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं.

आमचा बेत साधा होता. मुंबईहून क्वालालंपूर, शेजारच्या पेटालिंग जयाला भाच्याकडे मुक्काम, मग बसने सिंगापूर आणि तिथून विमानाने घरी. सिंगापूरला आपल्याला व्हिसा लागतो, तो काढून झाला होता. मलेशियासाठी एमडॅक हा ऑनलाइन फॉर्म पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा असतो. त्याला एक पैसा पडत नाही. आमच्या एजंटने तो परस्पर भरून पाठवला आणि बिलात त्याचे पैसेही लावले.

मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "सर, रिटर्न तिकीट?" मी सिंगापूर-मुंबई तिकीट पुढे केलं. "हे सिंगापूरहून आहे. क्वालालंपूरहून कुठलं?" म्हटलं, बसने जाणार. तिने फॉर्म उघडला. त्यात मलेशियातून निघायची तारीख म्हणून आमच्या मुंबईच्या विमानाची तारीख टाकलेली, म्हणजे बस सुटून गेल्यावर चार दिवसांनंतरची! आणि राहण्याचं ठिकाण क्वालालंपूरच्या बुकित बिनतांग भागातलं एक हॉटेल, ज्याचं नावही आम्ही ऐकलं नव्हतं. तिकीट एक सांगतंय, फॉर्म दुसरं आणि मी तिसरंच. ती बिचारी कुणावर विश्वास ठेवणार?

एजंटला फोन लावला. "काका, तिथे कुणी बघत नाही हो. सगळ्यांना आम्ही हेच हॉटेल टाकतो." मागे रांग वाढत होती आणि याचं कुणी बघत नाही चाललेलं!

तेवढ्यात विमान कंपनीचा वरिष्ठ आला. व्हिसा लागत नाही तर अडवता कशाला, हा माझा मुद्दा त्याच्यापुढे चालला नाही, आणि चालणारही नव्हता. तिथे प्रवेश नाकारला तर आपल्याला परत आणायची जबाबदारी विमान कंपनीची असते, म्हणून ते आपल्यापेक्षा जास्त घाबरलेले असतात. त्याने तोडगा सुचवला, क्वालालंपूर-मुंबईचं रद्द करता येणारं तिकीट आत्ताच काढा. बायको म्हणाली, "अहो, काढून टाका एकदाचं." मी ऐकलं नाही. ज्या विमानात बसायचंच नाही त्याचं तिकीट दाखवायचं आणि पुढे तिथल्या अधिकाऱ्याला बसची गोष्ट सांगायची? म्हणजे पुन्हा तोच घोळ.

बाजूला बसून मोबाइलवर दोघांचे फॉर्म नव्याने भरले. राहण्याच्या पर्यायांत नातेवाइकांचं घर असतं, ते निवडलं. राज्य सेलांगोर. क्वालालंपूर निवडू नका, पेटालिंग जया सेलांगोरमध्ये येतं. पिनकोडसाठी भाच्याला उठवलं. आपल्यापेक्षा त्यांचं घड्याळ अडीच तास पुढे, म्हणजे तिथे मध्यरात्र उलटून गेलेली. "मामा, थांबा" म्हणत त्याने पत्ता, आमच्याकडे राहणार असल्याची दोन ओळींची चिठ्ठी आणि आपल्या वर्क पासचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. निघायची तारीख टाकली ती बसची. मग बसचं तिकीट, सिंगापूरचा व्हिसा आणि मुंबईचं तिकीट या क्रमाने कागद ठेवले. वरिष्ठाने ते एकदा वाचले, संगणकात काहीतरी टाइप केलं आणि बोर्डिंग पास दिले. तिकिटाचे पैसे वाचले याचा आनंद मला अजून आहे.

आणखी एक. रात्री उशिरा सुटणारं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी पोचतं, तेव्हा फॉर्ममध्ये आगमनाची तारीख दुसऱ्या दिवसाची.

क्वालालंपूरला उतरल्यावर तिथल्या अधिकाऱ्याने कुठे राहणार आणि कधी निघणार, एवढंच विचारलं. बायको शेजारच्या काउंटरवर होती, तिलाही तेच. एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या काउंटरवर जाऊ शकतात, तेव्हा पत्ता आणि तारीख सगळ्यांच्या तोंडी असू द्या. सासूबाई, मुलं, सगळ्यांच्या. पासपोर्टची मुदत सहा महिने हवी हे बहुतेकांना ठाऊक असतंच.

बसने सिंगापूरला जाणाऱ्यांनी तिथलं एसजी अरायव्हल कार्डही (हाही ऑनलाइन फॉर्मच) आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं, जमिनीवरून गेलं तरी. तेही फुकट. ते मी भाच्याच्या डायनिंग टेबलावर बसून स्वतः भरलं. एजंटकडे मात्र फॉर्म भरल्याचे पैसे परत मागितलेत, बघतो म्हणालाय.