पालापाचोळ्यातला मातकट भुंगेरा

ठाण्यात नौपाड्याला आमची पिठाची गिरणी होती. दळण बरेच दिवस पडून राहिलेलं असलं की अण्णा आधी चिमूटभर पीठ नाकाशी धरायचे. "किडा दिसायच्या आधी वास येतो," म्हणायचे. तो उग्र वास म्हणजे पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्याने सोडलेली क्विनोन नावाची रसायनं, हे मला पन्नाशीनंतर कळलं. किडा फार माजला की पीठ गुलाबीसरही होतं.

गेल्या जूनमध्ये उपवनजवळच्या आमच्या सोसायटीत कुंडी हलवली आणि बोटांना तसाच, पण पुसट वास आला. कुंडीखाली नखाएवढा मातकट भुंगेरा होता. हात लागताच पाय आखडून मेल्यासारखा पडला. अंगावरच्या आखूड केसांत माती अशी बसलेली की ढेकूळच वाटावं.

भिंगातून पावलांचे सांधे मोजायला मला अर्धा तास लागला. पुढच्या दोन्ही जोड्यांत पाच-पाच, मागच्या जोडीत चार. टेनेब्रिऑनिडी ह्या भुंगेऱ्यांच्या कुलाची ही खूण! डोळ्याला पुढून खाच, तीही होती. गोनोसेफॅलम प्रजातीतला. जगभरात वीस हजारांहून जास्त जाती असलेलं हे कुल, आणि अण्णांच्या डब्यातला किडाही त्यातलाच.

पण दोघांच्या नशिबात केवढा फरक! पिठातल्याला 1797 साली नाव मिळालं, 2008 मध्ये त्याचा अख्खा जनुकसंच वाचून झाला. भुंगेऱ्यांमध्ये तो पहिलाच. ह्या मातकटाबद्दल वाचायला गेले तर बहुतेक शेतातल्या नुकसानीचंच हाती लागतं: त्याची तारेसारखी कडक अळी मातीत राहून रोपांची कोवळी मुळं, खोडं कुरतडते. बाकीचं वर्षभर तो काय करतो, हे मला पाहायचं आहे. वाळलेली पानं मातीत मिसळण्यात त्याचाही हात असतो आणि त्याचं मला फार अप्रूप वाटतं.

येऊरच्या जंगलातून मी काही आणत नाही, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. आवारातलेच चार भुंगेरे काचेच्या बरणीत ठेवलेत. माती, बदामाची कुजकी पानं, कधी गाजराचा काप. रोज रात्री दहाला लाल कागद लावलेली बॅटरी घेऊन बसते आणि वहीत लिहिते.

काल बरणीच्या तळाशी, काचेला चिकटून, दोऱ्याएवढी पिवळसर अळी दिसली. अण्णांच्या जुन्या हिशेबाच्या वहीत तारीख टाकली आहे.