एकसरचे वीरगळ आणि देवगिरीची भाऊबंदकी

रविवारी सकाळी मेट्रोनं एकसरला उतरले. बोरिवलीचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारक-दगड, बघायचं कधीपासून मनात होतं. गल्लीत एका काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "आमच्या देवांकडं ना? चला, दाखवते."

माणसापेक्षा उंच दगड, पायाशी ताजा झेंडू. वीरगळ खालून वर वाचायचा. एकावर अगदी खाली जहाजांची रांग आहे, वल्ही फणीच्या दातांसारखी एकाला एक लागून. उकिडवी बसून मी कितीतरी वेळ तीच बघत होते. वर हातघाईची लढाई, पाण्यात कोसळणारी माणसं, मग मेलेल्यांना न्यायला आलेल्या अप्सरा, शिवलिंगाची पूजा आणि टोकाला कलश.

बऱ्याच अभ्यासकांनी हे दगड १२६५च्या सुमाराच्या युद्धाशी जोडले आहेत. देवगिरीच्या महादेव यादवानं ठाण्याच्या शिलाहारांवर चाल केली आणि त्यांचा शेवटचा राजा सोमेश्वर समुद्रात बुडाला. महादेवाच्या क्रोधापेक्षा त्याला वडवानल, म्हणजे समुद्राच्या पोटातला अग्नी, बरा वाटला, असं हेमाद्रीनं लिहिलंय. म्हणजे आपला हेमाडपंत.

मला मात्र तिथं उभं राहून देवगिरीच आठवत होती. महादेवाला गादी मिळाली ती थोरला भाऊ कृष्ण १२६१मध्ये वारला म्हणून. कृष्णाचा मुलगा रामचंद्र तेव्हा लहान होता. १२७१मध्ये महादेव गेला आणि गादीवर बसला त्याचा स्वतःचा मुलगा, आमण. थोरल्या पातीचा हक्क डावलला गेला होता, हे मलाही पटतं. पण रामचंद्रानं केलं काय? नाटक्यांच्या मेळात वेष पालटून तो किल्ल्यात शिरला, खेळ रंगात आला असताना आमणाला धरलं आणि त्याचे डोळे काढले.

ज्ञानेश्वरीच्या शेवटी न्यायाचं पोषण करणारा राजा म्हणून गौरव आहे तो याच रामचंद्राचा. लहानपणापासून ऐकलेल्या त्या ओवीत आता मला आमणही दिसतो, आणि ते सोसत नाही. हेमाद्रीनं तर काका-पुतण्या दोघांचाही कारभार पाहिला. इथं बुडालेल्यांचे निदान दगड उभे राहिले. आमणाचा वीरगळ मी कुठं पाहिला नाही.

काकू शेजारीच थांबल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं.

"सख्ख्या चुलतभावाचे डोळे?" एवढंच म्हणाल्या आणि खाली घसरलेलं झेंडूचं फूल उचलून त्यांनी परत जहाजांपाशी ठेवलं.