तुम्ही विचारलंत म्हणून: रविवार सोडून बाकीच्या सहा दिवसांचं काय?

बरेच जण मला विचारतात, तुम्ही चर्चला जाता, बायबल वाचता, ते सगळं ठीक आहे, पण येशूने जे सांगितलं ते रोजच्या व्यवहारात खरंच चालतं का? कॉलेज रोडच्या मैत्रिणी विचारतात, शाळेतले जुने सहकारी विचारतात, आणि आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, तरुण मुलंही विचारतात, फक्त ती जरा आडून विचारतात, म्हणजे "ताई, ऑफिसमध्ये असं वागलं तर लोक डोक्यावर बसतील ना" अशा पद्धतीने. दरवेळी उभ्या उभ्या काहीतरी उत्तर देते आणि घरी आल्यावर वाटतं की नीट बोलायला हवं होतं, म्हणून आज बसून लिहितेय.

माझं उत्तर आहे, चालतं. पण ते कोणाच्या बाबतीत चालवायचं हे नाव घेऊन ठरवावं लागतं. "सगळ्यांवर प्रेम करा" एवढंच धरून बसलं तर काहीच होत नाही, माणूस आहे तिथेच राहतो आणि वर आपण प्रेमळ आहोत असं समाधानही मिळतं. येशू असा हवेत बोललाच नाही. त्याच्या बोलण्यात कोर्टात खेचणारा वादी आहे, वेठीस धरणारा शिपाई आहे, मध्यरात्री दार ठोठावून भाकरी मागणारा मित्र आहे, चौकात काम मिळेल म्हणून उभा राहिलेला मजूर आहे. ही सगळी माणसं आपल्याला नाशिकमध्ये रोज भेटतात.

मजुराचंच घ्या, कारण त्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, 20व्या अध्यायात, द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट आहे. तो पहाटे बाहेर पडतो, एक दीनार रोज ठरवून मजूर घेऊन येतो, मग नऊच्या सुमाराला परत जातो, बाराला जातो, तीनला जातो, आणि दिवस मावळायला तासभर उरलेला असताना पाच वाजता पुन्हा जातो, तेव्हाही काही जण तिथेच उभे असतात. तो विचारतो दिवसभर रिकामे का उभे आहात, तर ते म्हणतात आम्हाला कोणी कामावर घेतलं नाही. संध्याकाळी तो सगळ्यांना एकेक दीनार देतो आणि सकाळपासून राबलेले लोक कुरकुर करतात. दीनार म्हणजे त्या काळातली एका दिवसाची मजुरी, एका घराची एका दिवसाची चूल त्यावर पेटायची.

आता ज्यांना नाशिकजवळचं गिरणारे गाव माहीत आहे त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायची गरजच नाही. तिथे मजूर बाजार भरतो. पेठ, हरसूल, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवरून माणसं पहाटे निघून येतात, बाया असतात, कॉलेजात जायच्या वयाची पोरं असतात, भाकरी फडक्यात बांधून आणलेली असते. द्राक्षाची छाटणी, विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं) नाहीतर टोमॅटोची तोडणी, जे काम असेल त्यासाठी शेतकरी येतात, रोजाची घासाघीस होते, पिकअप भरून निघून जातात. आणि मग ऊन चढायला लागलं की जे उरतात ते उरतात.

मी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या बायबल वर्गात, ही गोष्ट शिकवते. मुलं नेहमी म्हणतात हा अन्याय आहे, एक तास काम करणाऱ्याला सारखेच पैसे कसे. एकदा एक मुलगी, जिचे आईवडील स्वतः असेच कामाला जायचे, ती म्हणाली, पण टीचर, पाच वाजेपर्यंत जो उभा होता तो म्हातारा असेल, नाहीतर त्याचा हात दुखत असेल, म्हणून त्याला कोणी घेतलं नसेल. मी इतकी वर्षं हा उतारा वाचतेय, प्रवचनं ऐकलीत, पण हे कोणी सांगितलं नव्हतं. अहो, बरोबरच आहे, नाक्यावर धडधाकट माणूस आधी उचलला जातो, उरतो तो अशक्त, आणि नेमकी त्याच्याच घरी चूल पेटायची सगळ्यात जास्त काळजी असते. मालकाने कामाचे तास मोजले नाहीत, घरी जाऊन हा काय खाईल ते बघितलं.

माझ्या दिरांची गिरणाऱ्याकडे थोडी द्राक्षबाग आहे. त्यांनी दोन गोष्टी धरून ठेवल्यात. एक, ज्या दिवसाचा रोज त्याच दिवशी संध्याकाळी हातात, "उद्या या, परवा या" नाही. दुसरी, काम चालू असताना पाऊस आला आणि दुपारी काम बंद पडलं तरी रोज पूर्ण. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको हे तर मोशेच्या नियमशास्त्रातच आहे, लेवीयच्या 19व्या अध्यायात, येशू त्याच नियमात वाढला होता. पण पावसाच्या दिवसाचा पूर्ण रोज म्हटल्यावर आजूबाजूचे शेतकरी येऊन बोलले, भाऊ तुम्ही बाजार बिघडवताय, उद्या आमच्याकडेही हेच मागतील. त्यांचंही दुखणं खोटं नाही. द्राक्षाला एकरी लाखांत खर्च आहे, औषधं, खतं, मजुरी, आणि हातातोंडाशी आलेला माल एका गारपिटीत नाहीतर अवकाळीत मण्यांना तडे जाऊन संपतो. हे सगळं माझे दीर स्वतः भोगतात. तरी त्यांनी नियम बदलला नाही, शेजाऱ्यांना एवढंच म्हणाले की पावसाने माझं नुकसान झालं हे खरं आहे, पण मजुराचा पाऊस आणि माझा पाऊस एकच आहे, माझ्याकडे निदान पुढचा हंगाम आहे, त्याच्याकडे आजची संध्याकाळ आहे. मला विचाराल तर नाशिकमध्ये राहून ख्रिस्ती असण्याचा अर्थ मला तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतो.

दुसरा प्रश्न ठरलेला असतो, एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करायचा, म्हणजे काय कोणीही यावं आणि मारून जावं? मुली हा प्रश्न जास्त विचारतात आणि त्यांना तो विचारायचा पूर्ण हक्क आहे, कारण हे वचन दाखवून कित्येक बायकांना मारकुट्या नवऱ्याच्या घरात परत पाठवलं गेलंय. मी अगदी ठामपणे सांगते, येशूचं म्हणणं ते नाही. मत्तय 5:39 मध्ये त्याने उजवा गाल म्हटलंय. समोरचा माणूस उजव्या हाताने उजव्या गालावर मारतो म्हणजे उलट्या हाताने मारतो, ती अपमान करण्यासाठी मारलेली चपराक. त्या अपमानाला तशाच अपमानाने उत्तर देऊ नका, हे तो सांगतोय. आणि स्वतः येशूला प्रमुख याजकापुढे उभं केलेलं असताना एका शिपायाने मारलं, योहान 18 मध्ये आहे, तेव्हा तो गप्प बसला नाही. त्याने विचारलं, मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, आणि योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? म्हणजे हात उचलला नाही पण प्रश्न विचारला, सगळ्यांसमोर विचारला. घरात मार खाणाऱ्या बाईने पोलिसांत जाणं, माहेरी येणं, कोर्टात जाणं यात येशूच्या शिकवणीच्या विरुद्ध काहीच नाही. तिला परत जा म्हणणाऱ्यांनी आधी योहान 18 वाचावा.

आता पैशाचं. एका हंगामात दिरांचा माल एका व्यापाऱ्याने उचलला, थोडे पैसे दिले, बाकीचे देतो देतो म्हणाला आणि मग फोनच बंद. द्राक्षपट्ट्यात हे ज्यांच्यासोबत झालंय त्यांना पुढचं सांगायला नको. आमच्याकडे रोज रात्री प्रार्थना होते आणि प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही जुन्या शब्दांत म्हणतो, जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तसे तू आमची ऋणे आम्हास सोड. त्या ओळीला दीर थांबायचे. बाकीचे पुढे जायचे आणि ते थांबलेले असायचे. पाळक साहेबांशी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंशी, बोलणं झालं, आम्ही घरातही बराच वाद घातला, आणि शेवटी असं ठरलं की पोलिसांत तक्रार करायची. कारण उद्या तोच माणूस दुसऱ्या एखाद्या शेतकऱ्याच्या बागेत उभा राहणार, आणि त्याला मोकळं सोडणं ही त्या दुसऱ्या शेतकऱ्यावर दया नाही. पण त्याच्या मुलाबाळांना शिव्याशाप नाहीत, गावात त्याच्या बायकोला कोणी टोमणा मारला तर आपण त्यात सामील व्हायचं नाही, आणि पैसे बुडाले तर बुडाले, त्या रागावर घर चालवायचं नाही.

काही लोकांना हे अर्धवट वाटतं. एक तर माफ करा नाहीतर केस लढा असं म्हणतात. पण मत्तय 18 मध्ये माफ न करणाऱ्या चाकराची गोष्ट आहे ना, ज्याला राजाने दहा हजार तलांतांचं, म्हणजे सात जन्म फिटणार नाही एवढं कर्ज सोडलं आणि त्याने बाहेर येऊन शंभर दीनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरला. शंभर दीनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी झाली, ती किरकोळ रक्कम नव्हती. येशू असं म्हणत नाही की तुझं नुकसान काहीच नाही, सोडून दे. नुकसान खरं आहे हे धरूनच तो बोलतो, आणि त्याचा सगळा रोख त्या गळा धरणाऱ्या हातावर आहे. दीर आता त्या ओळीला थांबत नाहीत. पैसे अजून आलेले नाहीत.

खरं बोलण्याबद्दल मी जास्त लिहीत नाही कारण तिथे समजून घ्यायला काही अवघड नाही, तुमचं बोलणं होय तर होय आणि नाही तर नाही असावं, बस. पाहुण्यांकडे जायचं नसेल तर तब्येत बरी नाही असं सांगू नका, येत नाही म्हणा. सुरुवातीला लोकांना राग येतो, नंतर तेच लोक तुमच्या शब्दावर विसंबायला लागतात.

पण एक गोष्ट आमच्याच लोकांसाठी लिहिते. मत्तय 5:23-24, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण कर. नीट वाचा, तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही असेल तर असं नाही लिहिलंय, त्याच्या मनात असेल तर. म्हणजे चूक कोणाची हा हिशोबच काढून टाकला. आणि येशू हे गालीलात बोलत होता, अर्पण मात्र यरुशलेमच्या मंदिरात व्हायचं, जायला काही दिवस लागायचे. तिथून भावासाठी परत फिरायचं म्हणजे केवढी गोष्ट! आपल्याकडे भाऊ मागच्या बाकावर बसलेला असतो आणि आपण कित्येक वर्षं त्याच्याशी न बोलता प्रभुभोजन घेतो. कमिटीच्या निवडणुकीवरून, वाटणीवरून, लग्नात पत्रिका द्यायला कोण आलं नाही यावरून. बाहेरचे लोक आपल्याला प्रश्न विचारतात तेव्हा त्यांना हे दिसलेलं असतं, म्हणूनच ते विचारतात असं मला वाटतं.

तरुण मुलं म्हणतात की ताई, एवढं करणारी माणसं कुठे असतात? तर इथे नाशिकच्या शरणपूरला होती. 19व्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीच्या इथल्या वसाहतीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं आणली जायची, इथे ती शिकायची, सुतारकाम, लोहारकाम करायची. त्यातलाच एक जेकब वेनराईट. नाशिकला शिकलेल्या ज्या मुलांना डेव्हिड लिव्हिंगस्टन या स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक प्रवाशाच्या मदतीला आफ्रिकेत पाठवलं त्यांत तो होता. 1873 मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारले. सोबतच्या माणसांनी त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, दफनाची प्रार्थना जेकबने वाचली, झाडावर नाव कोरलं, आणि मग ते सगळे मिळून तो देह खांद्यावर घेऊन कित्येक महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आले. वाटेत आजार, भीती, माणसं मेली. साहेब तर गेलेला होता, देह तिथेच पुरून घरी गेले असते तर त्यांना कोण जाब विचारणार होतं? पुढे 1874 मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर अॅबीत दफन झालं तेव्हा जेकब तिथे होता. एक मैल वेठीस धरलं तर दोन मैल जा, हे वचन शिकलेला मुलगा आपल्या शरणपूरचा होता, हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलं खिडकीतून बाहेर रस्त्याकडे बघतात, कारण रोज तिथूनच त्यांची रिक्षा येते.

सुरुवात कुठून करायची असंही विचारतात. मत्तय 5, 6 आणि 7, तीन अध्याय, 111 वचनं, मोठ्याने वाचलं तरी पंधरा-वीस मिनिटांत होतं. ख्रिस्ती नसाल तरी वाचा, अडचण काहीच नाही. त्यातलं जे वचन वाचताना एखाद्या माणसाचा चेहरा आठवेल आणि पटकन पुढचं वचन वाचावंसं वाटेल, तिथे थांबा, आणि त्या माणसाला फोन करा. नंतर माझ्याशी वाद घालायचा असेल तर रविवारी उपासनेनंतर मी मागे चहाच्या टेबलाशी असते.