टोपीतल्या चिठ्ठ्या

पाडव्याच्या आदल्या रात्री भाची बेंगळुरूहून आली. दारात चप्पल काढता काढताच म्हणाली, "मामा, मी आधी अंघोळ करतो, मग जेवतो." तीन वर्षं झाली तिला गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेत, दिवसभर इंग्रजी बोलते, पण हे 'करतो-जातो' काही सुटलेलं नाही. कोल्हापूरच्या पोरीचं ते सुटत नसतंय.

जेवताना दर दिवाळीचा प्रश्न निघालाच. ही नक्की करते काय? आमच्या सौ. म्हणाल्या, "बँक म्हणतीस ना, मग माझ्या एफडीला अर्धा टक्का जास्त दे की." भाची म्हणाली, "मामी, आमच्या ऑफिसात पासबुकच नसतंय." मग तिनं रिस्क, डेस्क, डेरिव्हेटिव्ह असं काहीबाही सांगितलं आणि ताटावरचे सगळे गप्प झाले. यंदा मात्र मी तयारीत होतो. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी चढलं की आमच्याकडं घरात बसण्याशिवाय काम नसतं. तेवढ्या दिवसांत मी तिच्या कंपनीचा इतिहास वाचून काढला होता. म्हटलं, थांब, मी सांगतो तू काय करतीस ते.

सांगायला आमच्या आण्णांपासून सुरुवात करावी लागली. आण्णा, म्हणजे माझे वडील, शाहूपुरीत एका गुळाच्या पेढीवर दिवाणजी होते. शाहू महाराजांनी 1895 साली ही पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठीच. पेढीचं काम अडतीचं. शेतकऱ्याचा गूळ यायचा, सौदा व्हायचा, गुजरातच्या व्यापाऱ्याला माल जायचा आणि मधे पेढीला अडत मिळायची. पण खरा धंदा हंगामाच्या आधी चालायचा. गुऱ्हाळवाल्याला ऊस तोडायला, मजुरांना द्यायला पैसा लागायचा. तो पेढीवर येऊन उचल मागायचा. कुणाला किती दिली याच्या चिठ्ठ्या आण्णा वहीत चढवायच्या आधी टोपीच्या घडीत खोचायचे. टोपी जाड दिसली की आई म्हणायची, आज बरीच उचल गेली.

उचल द्यायच्या आधी आण्णा सायकलवरून गुऱ्हाळावर जाऊन यायचे. मालकाशी कमी बोलायचे. पहिला प्रश्न, गुळव्या कोण आहे? पाक कधी उतरवायचा हे ज्याच्या डोळ्याला कळतं त्याच्या हातात वर्षाची कमाई असते. काहील, म्हणजे रसाची मोठी कढई, एक मिनिट जास्त तापली की गुळाचा रवा, म्हणजे ढेप, काळी पडते आणि भाव जातो. गुळव्या चांगला असेल तर आण्णा कर्जबाजारी माणसालाही उचल द्यायचे. नसेल तर पन्नास एकरवाल्यालाही, "बघू पुढल्या आठवड्यात."

आता हे ऐका. मार्कस गोल्डमन नावाचा माणूस 1848 साली बव्हेरियातून अमेरिकेला गेला. आधी फेरीवाला होता. 1869 साली न्यूयॉर्कमध्ये त्यानं धंदा मांडला. मेडन लेनचे जवाहीर आणि जवळच्या भागातले कातड्याचे व्यापारी, हे त्याचं गिऱ्हाईक. वाचताना मला हसूच आलं. एकीकडं सराफांची गुजरी, एकीकडं चप्पल लाईन, सगळं कोल्हापूरच की! व्यापाऱ्याला आज रोकड हवी असायची. तो तीन महिन्यांनी शंभर देईन असं लिहून द्यायचा. मार्कस तो कागद, म्हणजे आपल्याकडची हुंडीच म्हणा, सत्याण्णवला घ्यायचा (आकडा माझा, हिशेब कळावा म्हणून), दुपारी बँकेत जाऊन अठ्ठ्याण्णवला विकायचा. हे कागद तो हॅटच्या आतल्या पट्टीत खोचायचा. हॅट किती उंच झाली यावरून त्या दिवशीचा धंदा कळायचा म्हणतात.

"हॅट?" भाची म्हणाली. "खरंच?"

म्हटलं, तुला जॉइन झाल्यावर हे सांगितलं नाही काय त्यांनी?

1882 साली जावई सॅम्युअल सॅक्स धंद्यात आला आणि नावाला जोड मिळाली. पण मला आवडली ती 1906 सालची गोष्ट. सिअर्स ही पोस्टानं माल विकणारी कंपनी पैसे मागायला आली. मार्कसचा मुलगा हेन्री म्हणाला, कर्ज कशाला, शेअर काढून लोकांना विकू. पण किंमत कशी करायची? रेल्वेला रूळ असतात, गिरणीला यंत्रं. पोस्टावरच्या दुकानाकडं काय? तेव्हा त्यांनी कमाई आणि नाव यावर किंमत केली. लेहमन ब्रदर्स या दुसऱ्या फर्मला बरोबर घेऊन शेअर खपवले. म्हणजे गुऱ्हाळाची जमीन न मोजता गुळव्याची किंमत करणं झालं. आज आयपीओवेळी कमाईच्या किती पट किंमत, अशा ज्या गप्पा टीव्हीवर चालतात, त्यातला बराच भाग तिथून आलाय.

नंतर माज आला. 1928 च्या डिसेंबरात त्यांनी गोल्डमन सॅक्स ट्रेडिंग कॉर्पोरेशन काढली, लोकांचा पैसा गोळा करून शेअर घेणारी कंपनी. शेअर 104 डॉलरला विकला आणि मंदीत तो दोन डॉलरच्याही खाली गेला. फर्म सावरली ती सिडनी वाइनबर्गनं. हा 1907 साली झाडूवाल्याच्या हाताखाली लागलेला पोरगा. भागीदारांच्या हॅटी झटकणं हे त्याच्या कामात होतं. 1930 साली तोच फर्मचा प्रमुख झाला आणि 1969 पर्यंत राहिला. 1956 साली फोर्डचे 1 कोटी 2 लाख शेअर 64.50 डॉलरनं बाजारात आले, त्यामागंही हाच. (आमच्या सौ. म्हणाल्या, झाडूवाल्याचं सांगितलंत ते बरं केलंत, बाकी काही कळलं नाही.)

माझंही यात थोडं आहे. मी उद्यमनगरात एका फौंड्रीत तीस वर्षं अकाउंट्स बघितले. कास्टिंग पाठवायचं, नव्वद दिवसांचं बिल बँकेत डिस्काउंट करून पगार भागवायचे. हाही मार्कसचाच धंदा. एकदा एका बड्या गिऱ्हाईकानं दिवस भरत आल्यावर माल रिजेक्ट म्हणून कळवलं. बँकेनं रक्कम आमच्या खात्यातून वळती केली. त्या महिन्यात मालकांनी घरातलं सोनं ठेवून पगार दिले. 1970 साली पेन सेंट्रल ही रेल्वे बुडाली तेव्हा गोल्डमनचीही अशीच पाचावर धारण बसली होती. तिचे हुंडीसारखे कागद त्यांनी आपल्या गिऱ्हाइकांना विकले होते, आणि गिऱ्हाइकं कोर्टात गेली. तेव्हा बुडालं तर भागीदारांच्या स्वतःच्या खिशातून जायचं. 130 वर्षं तसंच होतं. 1999 साली त्यांनी स्वतःचेच शेअर 53 डॉलरला विकले आणि पैसा लोकांचा झाला.

2008 मध्ये लेहमन बुडाली. सिअर्सवेळची जोडीदार ती हीच. आठवड्याच्या आत गोल्डमननं बँक होल्डिंग कंपनी, म्हणजे मध्यवर्ती बँकेच्या देखरेखीखालची कंपनी, व्हायला मंजुरी मिळवली आणि लगेच वॉरन बफेच्या बर्कशायर कंपनीकडून 5 अब्ज डॉलर घेतले. आणि 2010 साली 550 दशलक्ष डॉलर भरून अबॅकसचं प्रकरण मिटवलं. घरकर्जांवर बेतलेला एक माल त्यांनी गुंतवणूकदारांना विकला होता. त्यात कुठली कर्जं घालायची हे ठरवण्यात ज्याचा हात होता, तो फंड हा माल पडेल यावरच पैसे लावून बसला होता. हे घेणाऱ्यांना सांगितलं नव्हतं. आमची माहिती अपुरी होती, ती चूक, एवढं त्यांनी मान्य केलं.

हे सांगताना मी भाचीकडं बघत नव्हतो. आण्णांच्या पेढीवर एके वर्षी मालकांनी सौद्यात भाव पाडून शेतकऱ्यांचा गूळ दुसऱ्याच्या नावानं स्वतःच धरला होता. कोल्ड स्टोरेजला ठेवून चार महिन्यांनी विकला. वहीत नाव घालायचं काम आण्णांचं. आण्णांनी घातलं. रात्री जेवले नाहीत. पुढच्या पाडव्याला वहीपूजन झाल्यावर किल्ल्या गादीवर ठेवून ते घरी आले. तेव्हा मी आठवीत होतो. आम्ही वर्षभर फी उशिरा भरली.

"अडत्यानं माल धरायचा नसतो," असं ते नंतर कुणी विचारलं तर सांगायचे, पुढं काही नाही.

भाची म्हणाली, "मामा, आता तसं नाही होत. सल्ला देणारे वेगळे, ट्रेडिंगवाले वेगळे. मधे भिंत असती. मी त्यांच्या मजल्यावर जाऊ पण शकत नाही, कार्ड चालत नाही."

"आणि भिंतीच्या दोन्हीकडचा मालक?"

"तो एकच की."

मग तिनं आण्णांच्या फोटोकडं बघितलं. फोटोत टोपी सपाट आहे. स्टुडिओत जायच्या आधी आईनं चिठ्ठ्या काढून घेतल्या असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन मार्केट यार्डात गेलो, मुहूर्ताचे सौदे बघायला. एका रव्याला तिनं आण्णांसारखं अंगठ्याचं नख लावून बघितलं. अडत्या ओरडला, "ताई, घेणार असाल तर हात लावा!"