गच्चीवरचा फुकटचा गीझर (जवळजवळ फुकटचा)

एप्रिलमध्ये दुपारी आमच्या लॉजच्या गच्चीवर या एकदा, वरून सोलापूरचं ऊन आणि समोरून आठ एसींचे आउटडोअर गरम वारा तोंडावर मारतायत, पापड भाजून निघेल. आणि खाली त्याच बिल्डिंगमध्ये गीझर चालू, कारण अक्कलकोट-तुळजापूरला निघालेल्या मंडळींना पहाटे 4 ला गरम पाणी लागतंच, मे महिना असू दे नाहीतर काय. चादरी-टॉवेल धुवायला लागतं ते वेगळं.

मेहुणा एसीचंच काम करतो. तो म्हणला, "दाजी, दीड टनाचा एसी खोलीतली सव्वापाच किलोवॅट उष्णता ओढतो, वर स्वतः दीडेक किलोवॅट वीज खातो, ती पण उष्णता होऊनच बाहेर पडते. पावणेसात किलोवॅट वाऱ्यावर सोडताय की ओ!"

त्याचा उपाय म्हणजे डीसुपरहीटर. कॉम्प्रेसरमधून गॅस 70-80 डिग्रीला निघतो, तो बाहेरच्या कॉइलमध्ये जायच्या आधी मध्ये हीट एक्स्चेंजर बसवायचा, एका बाजूने गॅस, दुसऱ्या बाजूने पाणी, मिसळायचं काही कारण नाही. सगळी उष्णता मिळत नाही, साधारण 10-20 टक्के, पण जी मिळते ती चांगली कडक. सगळीच काढायला गेलं की पाणी भरपूर पण कोमट. 100 लिटर पाणी 30 वरून 55 डिग्रीला न्यायला 3 युनिट लागतात, म्हणजे एक एसी फुल चालला तर तीनेक तासांत तेवढं होतं. रात्रभर एसी, पहाटे आंघोळी, आमचं गणित तिथंच जुळलं.

वॉरंटी संपलेल्या एका एसीवर बसवला, कारण कॉपर पाइप कापला की वॉरंटी गेलीच समजा. टाकीला जाड इन्सुलेशन केलं, छोटा पंप लावला, त्याची वीज लागते म्हणून वर जवळजवळ लिहिलंय.

पण खरं सांगतो, एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी तसंही तापलेलंच असतं, आणि डिसेंबरात खरी गरज पडते तेव्हा एसी बंद, मग आहेच परत गीझर. घरच्या एका एसीसाठी तर ह्या भानगडीत पडूच नका. हॉस्पिटल, दूध डेअरी, जिथं बारा महिने गारवा आणि गरम पाणी दोन्ही लागतं तिथं मात्र हे सोनं आहे.

आमचा खरा शत्रू निघाला बोअरचं पाणी. दोन महिन्यांत आत क्षाराचा थर, पाणी परत कोमट. आता मेहुणा रविवारी येतो म्हणलाय, ॲसिडचा कॅन आणून ठेवलाय.