एकच उमेदवार, प्रत्येक मोबाइलवर वेगळा

सोशल मीडियावर राजकीय जाहिराती असाव्यात का, तर माझं म्हणणं असू द्या, पण जी जाहिरात एकाला दिसते ती मतदारसंघातल्या कुणालाही दिसली पाहिजे.

अमळनेरला स्टँडजवळ बॅनर लागला की डॉक्टर बघतो, हमाल बघतो, विरोधी पार्टीचा कार्यकर्ता पण बघतो, खोटं लिहिलं असेल तर संध्याकाळपर्यंत कुणीतरी बोंब मारतोच. मोबाइलवर तसं होत नाही भो. गेल्या विधानसभेला आमच्या घरात नानांच्या फेसबुकवर कापसाच्या भावाची जाहिरात, वहिनीच्या मोबाइलवर महिलांच्या खात्यात पैसे आणि पुतण्याला भरतीची रील, मागे अहिराणी गाणं. उमेदवार एकच! तिघांचे मोबाइल ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले तेव्हा कुठे कळलं, तोपर्यंत नाना सगळ्यांना सांगत होते की हा माणूस फक्त शेतकऱ्यांसाठी उभा आहे. जाहिरात देणाऱ्याला वय, बाई की पुरुष, कुठलं गाव हे सगळं निवडता येतं ना, मग ज्याला जे गोड लागतं तेच त्याला.

सरसकट बंदी मला पटत नाही. ट्विटरने 2019 मध्ये बंदी घातली, 2023 मध्ये नव्या मालकाने उठवली, म्हणजे सगळं मालकाच्या मर्जीवर. आणि एखाद्या अपक्षाला, ज्याच्याकडे गाड्या नाहीत, सभेला माणसं नाहीत, त्याला थोड्या पैशात लोकांपर्यंत जायला दुसरा रस्ता कोणता आहे?

पैशाचा घोळ तर वेगळाच. विधानसभेला उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा 40 लाख, पण पक्षाला मर्यादाच नाही, आणि भलत्याच नावाच्या पेजवरून जाहिरात आली तर तो खर्च कुणाच्या खात्यात धरायचा? फेसबुकच्या ॲड लायब्ररीत, म्हणजे जाहिरातींच्या कुणालाही बघता येणाऱ्या यादीत, पैसे देणाऱ्याचं नाव असतं, खर्च मात्र अंदाजे, इतक्यापासून इतक्यापर्यंत, आणि ती उघडून बघतो कोण?

उमेदवाराची जाहिरात आधी तपासायला जिल्ह्यात एमसीएमसी (मीडिया सर्टिफिकेशन अँड मॉनिटरिंग कमिटी) असते, 2013 पासून सोशल मीडियालाही ते लागू आहे. मग पास केलेली प्रत्येक जाहिरात, ती कुणाला दाखवणार आणि पैसे कोण देणार यासकट, तहसील कचेरीच्या बोर्डावर लावा ना. नाना रोज तिथूनच जातात, वाचतील.